काळ्या कापडाखालचा नवरा

मोनालीनं खांद्यावरचा ट्रायपॉड खाली टाकला. ठेवला नाही, टाकलाच. लोखंडी पाय एकमेकांवर आपटून खणकन वाजले आणि तळ्याच्या पाळीवर बसलेल्या दोन टिटव्या ओरडत उडाल्या.

"आपटू नकोस गं," संग्राम मागं न बघता म्हणाला. "स्क्रू ढिले होतात."

खांदा निखळायला आलाय त्याचं काय, हे तिच्या अगदी ओठांवर होतं. तिनं ते गिळलं. कुर्त्यावरून हात फिरवला तर खालची कातडी चुरचुरली.

जयपूरजवळच्या बगरू गावाबाहेर, कोरड्या पडलेल्या तळ्याच्या मोकळ्या जमिनीवर ठशांनी छापलेली कापडं वाळत घातली होती. काळी, तांबडी, लांबच लांब, आणि दोन कापडांच्या मधे माणूस जेमतेम चालेल एवढी वाट. संग्रामला याचा फोटो हवा होता. तेवढ्यासाठी रविवारी उजाडायच्या आत जयपुरातल्या जवाहर नगरच्या फ्लॅटमधून दोघं निघाले होते, गाडी रस्त्याच्या कडेला लावून वाळूतून चालत आले होते. त्याचा कॅमेरा म्हणजे गळ्यात अडकवून फिरायचा कॅमेरा नव्हे. लाकडी पेटी, पुढं लेन्स, मधे चामड्याचा भाता, मागं दुधी काच, आणि वहीच्या पानाएवढी एकेक फिल्म. चौडा रस्त्यावरचा एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्यानं ही पेटी घरी आणली. त्याच्या ऑफिसातली पोरं मोबाइलवर फोटो काढायला लागली होती, आणि हा पेटी घेऊन बसला. हौसेला मोल नसतं, असं मोनालीची आई सांगलीहून फोनवर म्हणाली. मोल नसेल. वजन असतं, आणि ते कुणीतरी उचलावं लागतं.

वाटणी ठरलेली होती. कॅमेरा आणि लेन्स नाजूक, म्हणून ते संग्रामकडे. ट्रायपॉड, फिल्म उजेडापासून झाकून ठेवणाऱ्या चपट्या होल्डरांची पिशवी, पाणी आणि छत्री नाजूक नाहीत, म्हणून ते मोनालीकडे. मोनाली स्वतः नाजूक आहे की नाही, हा प्रश्न कधी निघाला नव्हता.

"अजून जरा मागं घेऊ या," तो म्हणाला. "इथून ती भिंत येतेय."

तिनं ट्रायपॉड उचलला. मागं नेला. तिथून विजेचा खांब येत होता. पाळीवर चढवला. तिथून आभाळ फार येत होतं, म्हणून पुन्हा खाली उतरवला, पहिल्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, असं म्हणतात. इथं घोडं आणि शिंगरू दोन्ही तीच होती.

संग्रामनं पेटी वर बसवली, भाता ओढला आणि डोक्यावरून काळं कापड घेऊन तो आत शिरला. बाहेर राहिले फक्त त्याचे जीन्समधले पाय.

"संग्राम, मला उद्या कळवायचंय," मोनाली म्हणाली.

"हं."

शुक्रवारी पुण्याहून तिच्या जुन्या कंपनीचा फोन आला होता. तिला परत बोलावत होते, टीम लीड म्हणून. दोन वर्षांपूर्वी संग्रामला जयपूरची नोकरी मिळाली, "वर्षभराचा तर प्रश्न आहे" असं तो म्हणाला, आणि तिनं पुण्यातली नोकरी सोडली. इथं ती फर्निचर परदेशी पाठवणाऱ्या एका शेटजींच्या ई-मेलचं इंग्रजी सुधारून देत होती. शुक्रवारी रात्री तिनं विषय काढला तेव्हा संग्राम म्हणाला, रविवारी निवांत बोलू. शनिवारी पुन्हा काढला, तर त्याला फिल्म भरायची होती. आज रविवार होता. गाडीत त्यानं ढगांबद्दल काळजी केली होती, आणि ढग तर एकही नव्हता.

"हं म्हणजे काय? जाऊ की नको? का तूही तिकडं नोकरी बघणार आहेस? काहीतरी बोल."

"एक मिनिट, मोना. फोकस करतोय."

"मी दोन दिवस एक मिनिट थांबलेय."

कापड हललं. आतून आवाज आला, शांत, समजूतदार, शेजारच्या पोराला समजवावं तसा. "तू बोलताना पाय आपटतेस. वाळू आहे, ट्रायपॉड हलतो."

मोनालीनं पायांकडं बघितलं. ते जागेवरच होते. भांडायचं तर समोर तोंड लागतं. कापडाशी कसं भांडायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवरा रागावला असता, ओरडला असता, नाही जायचं म्हणाला असता, तर तिला त्याच्याशी दोन हात करता आले असते. हा काहीच म्हणत नव्हता. नुसता गोड बोलून वेळ काढत होता, आणि वेळ निघून गेला की उत्तर आपोआप ठरणार होतं. तिला आता कळलं की याला ते चांगलंच माहीत आहे.

तो बाहेर आला. केस विस्कटलेले, डोळे चमकणारे. थेट तिच्याकडं आला आणि तिच्या चेहऱ्याजवळ हात नेला. क्षणभर तिला वाटलं, आता. पण हातात लाइट मीटर होता. त्यानं तो तिच्या गालाशी धरला, काटा बघितला आणि परत गेला. होल्डर आत सरकवला, फिल्म झाकणारी त्याची पट्टी ओढून खिशात घातली, शटरची केबल हातात घेतली आणि थांबला.

"रिकामं वाटतंय," तो म्हणाला. "कुणीतरी माणूस हवा मधे."

कडेला गावातली कलावती कापडाची टोकं दगडांनी दाबत होती. कापडं तिच्या घरची. फोटोला तिनंच हो म्हटलं होतं, पण सुकेपर्यंतच, सुकली की उचलणार. संग्रामनं तिला हिंदीत विचारलं, जरा मधे उभ्या राहाल का? तिनं ओढणी हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि नाही म्हणून मान हलवली.

"म्हारो फोटू कोनी खिंचवाणो, साब. आपकी बहूजी हैं ना, उनको खड़ा कर लो."

"हां, मोना, तू जा ना," संग्राम म्हणाला. "त्या तांबड्या पट्ट्याच्या शेवटी. नुसती चाल."

"माझा नाही काढायचा."

"अगं, लांबून आहे. चेहरासुद्धा दिसणार नाही."

"आधी माझ्याशी बोल. मग उभी राहीन, म्हणशील तितका वेळ."

"आत्ता? मोना, प्रकाश चाललाय. मतलब, दहा मिनिटांनी बोललो तर काय बिघडतं?"

"काहीच बिघडत नाही," ती म्हणाली. "मी उद्या हो म्हणून कळवतेय. तू काढ फोटो."

आणि ती निघाली. पिशवी, पाणी, छत्री सगळं तिथंच टाकून, दोन कापडांच्या मधल्या वाटेनं, रस्त्याकडं. गाडीची किल्ली त्याच्याकडं आहे हे तिला ठाऊक होतं. बसनं जाईन, चालत जाईन, पण आता त्याचा एक खिळासुद्धा उचलणार नाही, असं ती स्वतःशीच मोठ्यानं बोलत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या पाण्याचाही तिला राग येत होता.

"मोना!"

ही हाक वेगळी होती. कळवळून मारलेली. लग्नाआधी पुण्यात, एकदा भांडून ती रिक्षात बसायला निघाली होती तेव्हा त्यानं अशी मारली होती. तिचे पाय थांबले. ती वळली.

संग्राम कॅमेऱ्याशेजारी उभा होता. जागचा हललेला नव्हता. हातात केबल होती, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा त्यानं वर केला होता.

"एकदम सही!" तो ओरडला. "आता हलू नकोस, आणखी एक घेतो!"

मोनालीला राग आला, पण त्याच्या आधी लाज वाटली. आपण वळलो याची. इतकं होऊनही आपण वळलो.

ती चालत परत आली. बसकडं जायचं सोडून, सरळ त्याच्याकडं.

"अरे यार, हललीस," तो म्हणाला, पण खुशीत. पट्टीची काळी कड बाहेर करून ती परत सारून त्यानं होल्डर बाहेर काढला आणि सवयीनं तिच्या हातात दिला. "जाऊ दे, एकच पुरे. मोना, काय वळलीस तू! अभिनय करून जमलं नसतं. सांभाळ हं, कोपऱ्याला धर."

मग तो कॅमेऱ्याचा भाता मिटायला लागला. मिटता मिटता अगदी मोकळेपणानं म्हणाला, "हां, बोल आता. काय म्हणत होतीस?"

मोनाली उन्हात उभी होती. होल्डर तिच्या हातात होता. काळ्या कडेची पट्टी म्हणजे फोटो काढलेली बाजू, पांढऱ्या कडेची म्हणजे कोरी. काळी पट्टी उजेडात ओढली की फिल्म गेलीच. पेटी घरी आली त्या दिवशी संग्रामनं तिला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं, आणि ती चांगली विद्यार्थिनी होती.

तिनं काळी पट्टी ओढली. घाई न करता, पूर्ण.

आवाज फार झाला नाही, पण संग्रामला तो ओळखीचा होता. तो वळला. त्याचा हात पुढं आला आणि अर्ध्यावरच थांबला, कारण आता झडप घालून उपयोग नव्हता. फिल्म करड्या रंगाची, गुळगुळीत होती. तिच्यावर मोनाली नव्हती, कापडं नव्हती, काहीच नव्हतं, आणि वर मार्चचं ऊन सरळ पडत होतं.

"मोना," तो म्हणाला. "हे काय केलंस?"

तिला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र वाटलं. कलावती हातातला दगड खाली न ठेवता दोघांकडं बघत होती. संग्राम मोनालीकडं बघत होता. तिच्या हातांकडं, मग चेहऱ्याकडं, आणि पुन्हा नजर न हलवता चेहऱ्याकडंच. आता त्याला प्रकाशाची घाई नव्हती. कशाचीच नव्हती.

"शुक्रवारी दुपारी फोन आला," मोनाली म्हणाली. "मी जेवत होते." आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.