कुंकू लागलेली चिठ्ठी

"जो भाई, ऑर्डर बदलली ना, तर जुनी चिठ्ठी पहेलां फाडायची. फाडली? हां, आता नवी घे. एका ताटावर दोन चिठ्ठ्या मला दिसल्या नाय पायजे!"

हा आवाज विपुलशेठचा. तलासरीला हमरस्त्याच्या कडेला त्यांचं हॉटेल होतं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत माझी जागा होती. नव्या वाढप्याला पहिल्याच दिवशी ते हे वाक्य ऐकवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकवायचे.

मित्रांनो, मी कोण हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी एक जुना प्रिंटर आहे, चिठ्ठ्या छापणारा. पुस्तकं छापणारे माझे भाऊबंद मोठे आणि मानाचे. मी जेमतेम पोळ्यांच्या डब्याएवढा. माझ्या पोटात शाई नाही. कागदाची गुंडाळी असते, आणि मी उष्णतेने लिहितो. संगणकावर कोणी ऑर्डर नोंदवली की माझ्या अंगात ऊब येते, कागद पुढे सरकतो, आतली लहानशी सुरी त्याला कापते आणि चिठ्ठी बाहेर येते. कोणाला, काय, कुठे, एवढंच मला ठाऊक असतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. आठवतो तो थर्माकोलचा पांढरा अंधार, आणि मग एकदम फोडणीचा वास. हॉटेलात मला क्षणाची उसंत नसे. शेव-टमाटर सांगितलेलं गिऱ्हाईक मधेच पनीर मागायचं. मग ऑर्डर बदलायची आणि मी चिठ्ठी पुन्हा छापायचो. एकदा जुनी चिठ्ठी फाडायची राहिली आणि एका जैन आजोबांच्या ताटात कांदा गेला. ताट परत आलं, दुसरं गेलं, आजोबा जेवले. हॉटेलातली चूक अशी ताटाबरोबर परत येते. म्हणून तेव्हा मला भीती कशी ती माहीतच नव्हती.

पुढे रस्त्याचं काम निघालं. गाड्यांना थांबायला जागा उरली नाही आणि हॉटेल बंद पडलं. मला पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. मित्रांनो, वापरात नसलेल्या वस्तूला कोणी वाईट वागवत नाही, तिची आठवणच कोणाला होत नाही. एका पालीने माझ्या कडेला अंडी घातली. मला तिचाही आधार वाटला.

तिथून मला सुधाताईंनी आणलं. डहाणूला त्यांचं दुकान आहे. आजारी माणसाला घरी जे लागतं ते तिथे भाड्याने मिळतं, खाट, चाकाची खुर्ची, प्राणवायूचे सिलेंडर. सुधाताईंनी मला ओल्या फडक्याने पुसलं, माझ्यापुढे उदबत्ती ओवाळली आणि म्हणाल्या, "बाबा, इथे घाई नको करूस. नीट लिही."

काउंटरवर श्रुतिका बसायची. ती रानशेतहून जीपने यायची, उशीर झाला की दोष जीपला द्यायची. माझ्या छापणाऱ्या डोक्यावर एका बाजूला मळ साचतो, त्यामुळे चिठ्ठीवर मधेच एक फिकट पट्टा उमटतो. तसं झालं की ती हसायची. "म्हातारा खोकला बघा!" मग तीच चिठ्ठी ती पुन्हा काढायची. टेंपो चालवणारे दशरथकाका दोन्ही घेऊन जायचे. एक धड, एक फिकट. त्यांना त्याची सवय झाली होती. ही सवय पुढे काय करणार आहे हे कोणाच्या मनातही नव्हतं.

आता आमच्या दुकानाचा नेम सांगते, म्हणजे सांगतो. हे दुकान एका बाईच्या नेमाने चालतं, त्यामुळे माझ्या तोंडीही तीच भाषा बसली आहे. सकाळची पहिली चिठ्ठी सुधाताई स्वतः माझ्या तोंडातून काढून घेत. ती देव्हाऱ्यातल्या महालक्ष्मीला दाखवत आणि तिच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावत. दशरथकाका ती चिठ्ठी कपाळाला लावून टेंपोत देवीच्या फोटोखाली चिमट्यात अडकवत. दिवसभर ती तिथेच राही. कुंकू लागलेली चिठ्ठी आमच्याकडे कोणी फाडत नसे. माझ्या कागदाला कुंकू लागतं याचा मला केवढा अभिमान होता!

तो सोमवार होता. दर सोमवारी पहिली चिठ्ठी ठरलेली असायची. चिखल्याच्या सुदाम गुरुजींचा सिलेंडर. गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांची फुप्फुसं थकली आहेत. घरात हवेतून प्राणवायू काढणारं विजेचं मशीन आहे, पण वीज गेली की सिलेंडरच लागतो. त्यांची ऑर्डर संगणक दर आठवड्याला आपणहून काढतो. तशी ती निघाली, मी छापली. सुधाताईंनी कुंकू लावलं. दशरथकाका ती घेऊन टेंपोकडे गेले. भरलेले होते तेवढे सगळे सिलेंडर त्यांनी गाडीत चढवले. बाकीचे रिकामे, भरून आणायचे.

एवढ्यात फोन वाजला. गुरुजींची मुलगी दक्षा बोलत होती. आदल्या संध्याकाळी तिने वडिलांना मशीन आणि उरलेल्या सिलेंडरसकट आपल्या घरी, गंजाडला आणलं होतं.

श्रुतिकाने लगेच ऑर्डर उघडली, पत्ता बदलला आणि मला खूण केली. मी नवी चिठ्ठी छापली. नंबर तोच, नाव तेच, तारीख तीच. फक्त एक ओळ वेगळी होती, चिखल्याच्या जागी गंजाड. दशरथकाका पाणी प्यायला आत आले होते. श्रुतिकाच्या कानाला फोन होता. तिने चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि 'ही न्या' अशी हातानेच खूण केली. काकांनी वर वर पाहिलं.

"म्हातारा खोकला वाटतं आज पण," असं म्हणून ते हसले, चिठ्ठी खिशात घातली आणि गेले.

मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण कागद संपला तर शिट्टी वाजवायची, याशिवाय मला आवाज नाही. आणि कागद तर भरपूर होता.

चिखले समुद्राच्या अंगाला, गंजाड आशागडच्या रस्त्याने आत. दोन्हींची तोंडं दोन दिशांना.

थोड्या वेळाने दक्षाचा पुन्हा फोन. "श्रुतिका, गाडी कुठवर आली गं? आमच्याकडे लाइट गेलीय. मशीन बंद पडलंय. बाबांना उरलेल्या सिलेंडरवर ठेवलंय."

"निघालीय ताई. येईलच."

तिसऱ्या फोनला दक्षाचा आवाज उतरला होता. "अजून नाही आली. सिलेंडरचा काटा लाल पट्टीत आलाय. मी प्रवाह कमी केलाय तर बाबा पुढे वाकून बसलेत, ओठ कसेतरी दिसतायत. रुग्णवाहिकेला सांगितलंय, पण ती यायची आहे. अगं, गाडी नक्की निघालीय ना?"

श्रुतिकाने दशरथकाकांना फोन लावला. वाजत राहिला. काकांनी आपल्या बायकोला शब्द दिलेला आहे, गाडी चालवताना फोन उचलायचा नाही. एरवी आम्ही सगळे त्याचं कौतुक करायचो. श्रुतिकाने पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. तिने संगणकात पाहिलं.

"ताई, इथे गंजाडच आहे. मी गंजाडच छापलंय. त्यांना दिलीय चिठ्ठी."

सुधाताई देव्हाऱ्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "आणि कुंकवाची चिठ्ठी?"

"ती काकांकडेच की."

"फाडली नाही?"

"ती कोण फाडणार, ताई?"

असं म्हणता म्हणता श्रुतिकाच्या ध्यानात आलं, काका त्याच चिठ्ठीवरून चिखल्याला गेले असणार. सुधाताई खाली बसल्या. त्यांचा हात तोंडावर गेला. पाठवायला दुसरा भरलेला सिलेंडर नव्हता. करण्यासारखं काही नव्हतं, वाट पाहण्याखेरीज. सुधाताई ओठांतल्या ओठांत देवीचं नाव घेत होत्या आणि नजर फोनवर होती. मी गार पडून बसलो होतो. माझ्यासारख्याला वाट पाहण्याची सवय असते, पण त्या सकाळी मला ती सोसवेना.

शेवटी फोन वाजला. दशरथकाका.

"अगं पोरी, इथे तर भलंमोठं कुलूप! शेजारचा लहान्या म्हणतो गुरुजी काल सांजच्यालाच लेकीकडे गेले."

"काका, खिशातली चिठ्ठी काढा! वाचा!"

"ती झेरॉक्सच ना गं? तेच नाव, तोच नंबर..."

"काका, पत्ता वाचा!"

पलीकडे कागदाची सळसळ झाली. मग काकांचा आवाज आला, अगदी लहान. "अगं आई गं." आणि टेंपो सुरू झाल्याचा आवाज.

त्यानंतरचं मी तुम्हाला काकांच्या तोंडून ऐकलं तसं सांगतो. ते चिखल्याहून मागे फिरले, डहाणू ओलांडून आशागडच्या रस्त्याला लागले. दक्षा रस्त्यावर येऊन उभी होती. काकांनी सिलेंडर खांद्यावर घेतला आणि चपला न काढता घरात शिरले. आधीच्या सिलेंडरचा काटा तळाला टेकला होता. नवीन जोडला, तरी गुरुजी डोळे उघडेनात. मग त्यांनी एक श्वास घेतला, दुसरा घेतला. मागोमाग रुग्णवाहिका आली, डॉक्टरांनी तपासलं, घरीच ठेवा म्हणाले. "गुरुजींनी माझं मनगट धरलं होतं," काका म्हणाले, "सोडेचनात."

दुपारी सुधाताईंनी दोन्ही चिठ्ठ्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. लांबून पाहिल्या तर जुळ्या बहिणी. फक्त एकीच्या कोपऱ्याला कुंकू. पाहणाऱ्याचा हात तिच्याकडेच जाणार.

तेवढ्यात दक्षाचा फोन आला. सुधाताई म्हणाल्या, "दक्षा, माफ कर गं. काय झालं ते सांगते."

"फोनवर नको, सुधाताई. बाबा विचारतायत गाडी चिखल्याला का गेली. बोलवत नाही तरी विचारतायत. त्यांच्यासमोर येऊन सांगा."

"येते. आज दिवस मावळायच्या आत येते."

फोन ठेवल्यावर श्रुतिका जवळ आली. ती वाईट मुलगी नाही, मित्रांनो. घाबरली होती. "ताई, कंप्युटर हँग झाला म्हणा ना. कंप्युटरचं सगळे मानतात. नाहीतर या म्हाताऱ्यावर ढकला. हा कुठे बोलणार आहे?"

माझ्या अंगात ऑर्डर नसतानाही ऊब आली. मला माळा आठवला, पोतं आठवलं.

"त्याने दोन्ही वेळा बरोबर छापलं गं," सुधाताई म्हणाल्या.

दशरथकाका दारातून म्हणाले, "मग माझ्यावर घाला, ताई. वाचलं नाही ते मी."

"आणि तुमच्या डोळ्यांपुढे कुंकू कोणी लावून ठेवलं होतं?"

"असं नका बोलू. देवीचं आहे ते."

"देवीला कुंकू हवंय दशरथभाऊ, चुकीचा पत्ता नकोय. मी लावलं, आणि ऑर्डर बदलली तेव्हा ती चिठ्ठी परत मागून घ्यायला हवी होती तीही मीच."

बाजारात याचं काय बोलणं होईल हे त्यांना कळत होतं. नेम करणाऱ्या बाईच्या नेमानेच घोटाळा केला, असं लोक हसून म्हणतील. आणि गुरुजींनी यापुढे दुसऱ्या दुकानातून सिलेंडर घ्यायचं ठरवलं, तर त्यांना अडवता येणार नव्हतं. श्रुतिकाने गुपचूप संगणकात खटपट केली. आता चिठ्ठी बदलली की माझ्याकडून सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत 'बदल' असं छापून येतं, आणि जुनी चिठ्ठी समोर फाडल्याशिवाय ती नवी हातात देत नाही. काकांनाही तिने बजावलंय. "काका, आता मी खोकला म्हणणार नाही. तुम्ही पण म्हणायचं नाही."

मित्रांनो, मी साधं यंत्र आहे. मला जे सांगाल ते मी छापतो. काल सांगितलेलं आणि आज बदललेलं, दोन्ही मी सारख्याच प्रामाणिकपणे छापतो. त्यातलं आजचं कोणतं हे मी ओळखू शकत नाही, ते काम तुमचं आहे. हातात कागद आला की तो वाचा, ओळखीचं नाव दिसलं तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि माझ्यासारख्या जुन्या यंत्राचं डोकं मधून मधून मऊ फडक्याने पुसा. माझा तो फिकट पट्टा वेळीच पुसला गेला असता, तर दुसरी चिठ्ठी म्हणजे पहिलीचीच प्रत, अशी सवय कोणाला लागली नसती.

त्या दिवशी ऊन कलू लागलं. सोमवार असल्यामुळे सुधाताईंचा उपास होता. श्रुतिकाने पुढे केलेलं केळं त्यांनी तसंच ठेवलं. "ताई, उद्या जा ना, आता गुरुजी बरे आहेत," ती म्हणाली. सुधाताईंनी दोन्ही चिठ्ठ्या घडी न घालता पिशवीत ठेवल्या आणि देवीपुढे क्षणभर उभ्या राहिल्या. काही मागितलं असावं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. दशरथकाका टेंपोची किल्ली घेऊन पुढे झाले, तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

बाहेर गंजाडकडे जाणारी जीप भरत होती. सुधाताईंनी पदर खांद्यावर घेतला, चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून जीपकडे निघाल्या.