काचेच्या आतला ठसा

सासऱ्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे, हे घरात सगळ्यांत आधी सुनेच्या लक्षात आलं. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लोकांनी पुढे केलेले हात बघण्यातच तिचा दिवस जायचा. सासरे जेवणाच्या टेबलाशी बसून प्लास्टिकच्या चिमुकल्या चाकावर रबराचा टायर चढवत होते आणि टायर दर वेळी निसटत होता.

"हल्ली मालच भिकार येतो," ते म्हणाले.

तिने खाली पडलेला टायर उचलला, चाकावर चढवला आणि चाक त्यांच्यासमोर ठेवलं.

सासऱ्यांनी हयातभर एका गॅरेजात खऱ्या मोटारी रंगवल्या होत्या. काम सुटल्यावर ते छोट्या मोटारींकडे वळले. खोक्यात सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे आणि दोन तळहातांवर मावेल अशी हुबेहूब गाडी उभी करायची. ही हौस असलेल्या लोकांचं एक मंडळ होतं. मंडळात सासऱ्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळ्यांचे ते उस्ताद.

आधी त्यांनी तिला दरवाजाची मूठ तेवढी रंगवायला दिली. "तुझे डोळे तरुण आहेत," म्हणाले. मग डॅशबोर्डवरचे काटे, मग चाकांचे आरे, आणि असं करत करत अख्खी बॉडी तिच्याकडे आली. तिला ते काम आवडलं, याचं तिलाच नवल वाटलं. रंग दुधाइतका पातळ करायचा, आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघायचा, चमच्याची फुगीर पाठ म्हणजे गाडीचं बॉनेट समजायचं. फवारा सुरू करायचा तो गाडीच्या बाहेर आणि थांबवायचा तोही बाहेर, म्हणजे कडेला थेंब साचत नाही. सासरे शेजारच्या खुर्चीवर बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "हवा जास्त होतेय. कमी कर." आणि खरंच जास्त झालेली असायची. शिकवणारा माणूस चांगला होता, यात वाद नव्हता.

स्वयंपाकघरातला एक खण रंगीत चमच्यांनी भरला. नवरा जेवायला बसताना विचारायचा, "आज निळ्याने खायचं की पिवळ्याने?"

"तुला घासायच्या कागदावर वाढते," ती म्हणायची.

सासरेही हसायचे. "हात तिचा, डोकं माझं," असं मुलाला सांगायचे. हे घरात. मंडळात ते काय सांगतात ते तिला माहीत नव्हतं, आणि बरेच दिवस तिने विचारलंही नाही.

मग ती मरून गाडी आली. दोन दरवाजांची, लांब नाकाची, जुन्या धाटणीची. तसली खरी गाडी सासऱ्यांनी तरुणपणी रंगवली होती आणि तिच्याविषयी ते अजूनही रागाने बोलायचे. "खाली रुपेरी, त्यावर पारदर्शक लाल, थरावर थर. उन्हात ठेवली की आत दिवा लावल्यासारखी दिसायची. आणि मालक गिऱ्हाइकाला सांगायचा, मी रंगवली. मी मागे चिंध्या घेऊन उभा." बोलता बोलता ते उजवा अंगठा चोळायचे. त्याच गाडीचा पत्रा लागून तो कापला होता. अंगठ्यावरून तिरका वण गेला होता.

तो रंग साधायला तिने सुट्टीच्या सगळ्या दुपारी घालवल्या. लाल गडद झाला की काळपट दिसायचा, हलका झाला की गुलाबी. चमच्यामागून चमचे वाया गेले. अखेर एका चमच्यावर तो उतरला. तिने चमचा खिडकीपाशी धरला. सासरे उठून आले आणि बराच वेळ बघत राहिले.

"हाच," ते म्हणाले. "अगदी हाच."

तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मंडळाच्या यंदाच्या प्रदर्शनात गाडीच्या कार्डावर माझंही नाव घालाल? तुमच्या खाली. नुसतं रंगकाम म्हणून."

"त्यात विचारायचं काय? घालू की."

तिने त्या शब्दावर विश्वास ठेवला. चिंध्यांची गोष्ट सांगणारा माणूस हा शब्द मोडणार नाही असं तिला वाटलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी फक्त आतला आरसा बसवायचा राहिला होता, जिऱ्याएवढा, समोरच्या काचेला आतून. काचेपाशी पांढराच गोंद वापरायचा, हे तिला सासऱ्यांनीच शिकवलं होतं. तो सावकाश धरतो, पण वाळला की दिसत नाही; धरेपर्यंत भाग चिमट्यात न हलवता धरून ठेवावा लागतो. झटपट गोंदाची नळी काचा बसल्यावर टेबलावर दिसताही कामा नये. त्याची वाफ बंद जागेत कोंडली की काचेवर पांढरट साय धरते, आणि बोट लागलेलं असेल तिथे सगळ्यांत जास्त, कारण बोटाच्या घामातेलावर ती आधी बसते. हे दुसरं कारण मात्र तिने सासऱ्यांना सांगितलं होतं. "वा, म्हणजे पोलिसांनाही उपयोगी," ते म्हणाले होते.

"आरसा मी बसवतो," सासरे सकाळी म्हणाले.

"मी संध्याकाळी आल्यावर..."

"एवढं तरी मला करू दे, सूनबाई."

ती डबा घेऊन कामाला गेली.

संध्याकाळी आली तेव्हा बॉडी खालच्या सांगाड्यावर स्क्रूने बसली होती, गाडी पारदर्शक पेटीत होती, पेटीच्या कडांना चिकटपट्टी लावलेली होती आणि वर जुनी चादर गुंडाळलेली होती.

"आता तिथेच उघडायची. नाहीतर धूळ बसते," सासरे म्हणाले.

"बसला आरसा?"

"न बसायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पेटी तिनेच दोन्ही हातांत धरून आणली. नोंदणीच्या टेबलाशी मंडळाचा चिटणीस कार्डं लिहीत होता, गुबगुबीत, हसतमुख माणूस. त्याने उस्तादांचं नाव न विचारताच लिहिलं आणि पेन वर धरलं.

"एकट्याचंच ना काम, उस्ताद? की यंदा कुणी चेला ठेवलाय?"

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "या वयात कोण येतंय मदतीला," ते म्हणाले आणि हसले. चिटणीसही हसला. कार्ड पूर्ण झालं.

ती पेटी धरून तशीच उभी होती. तिचे हात भरून आले होते, पण पेटी आपटेल या भीतीने तिने ती सावकाश टेकवली.

चादर काढली तेव्हा आधी रंगच दिसला. हॉलच्या दिव्याखाली गाडी आतून पेटल्यासारखी झाली. शेजारच्या टेबलांवरची माणसं बोलता बोलता थांबून जवळ आली. "रंग आहे का काय आहे!" कुणीतरी म्हणालं. परीक्षक दंतवैद्य होते. तोंडात घालायचा छोटा आरसा घेऊन ते गाड्यांची पोटं तपासत, आणि त्यांची त्यावरून थट्टाही व्हायची, की आता गाडीला आ करायला सांगतील. ते वाकले, आरसा काचेजवळ नेला आणि तिथेच थांबले.

"उस्ताद, काचेला काय झालं?"

समोरच्या काचेवर आतून पांढरं धुकं धरलं होतं. आरशाजवळ ते दाट होतं, आणि त्या दाट जागी एक अंगठा उमटला होता, एकेक रेघ मोजता यावी असा. रेघांवरून एक तिरकी फट गेली होती. सुनेला ती दिसली. तिला दिसली आहे हे सासऱ्यांनाही दिसलं.

"झटपट गोंद," दंतवैद्य म्हणाले. "काचेला? तुमच्या हातून?"

सासऱ्यांनी उजवा हात खिशात घातला. "माझ्या हातून कशी होईल असली चूक? ही सूनबाई. हौस आहे तिला. आरसा तिने बसवला. नको नको म्हणत होतो मी."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. त्या हॉलमध्ये तिच्याकडे कुणी बघण्याची ही पहिलीच वेळ.

"मग घाला की तिचंही नाव कार्डावर!" मागून एकजण म्हणाला आणि हशा पिकला. चिटणिसाने पेनाचं टोपण खरोखरच काढलं. थट्टा आहे हे कळल्यावर परत लावलं.

दंतवैद्यांची नजर टेबलाच्या कडेवर टेकलेल्या तिच्या बोटांकडे गेली. बारीक बोटं होती, अंगठाही बारीकच. मग ती काचेवरच्या रुंद ठशाकडे गेली. त्यांनी आरसा खिशात टाकला.

"घरात होतं असं," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

तिला एक वाक्य बोलायचं होतं. खिशातला हात बाहेर काढा, बाबा. तिने चादरीची घडी घातली.

घरी परतताना सासरे पेटी मांडीवर घेऊन बसले. "पांढऱ्या गोंदाने आरसा राहिना," ते म्हणाले. "सारखा हलायचा."

"हो."

"लोकांसमोर काय सांगणार होतो मी?"

तिने पेटीवरून घसरलेली चादर सारखी केली.

"आणि तुला काय फरक पडतो? तुला तिथे ओळखतं कोण?"

तिने हे नवऱ्याला सांगितलं. तो कपडे वाळत घालत होता. "अगं, म्हातारं माणूस आहे," तो चिमटे दातात धरूनच म्हणाला. "सोडून दे. खेळण्यातली गाडी ती शेवटी."

काचेवरचं धुकं पॉलिशने घासून काढता आलं असतं. सासऱ्यांनी दोनदा सुचवलं. तिने गाडी फळीवर होती तशीच ठेवली.

पुढच्या रविवारी दंतवैद्य आणि चिटणीस घरी आले. सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून आले होते आणि ते लपवायची दोघांनाही फारशी कला नव्हती. चिटणीस सारखा म्हणत होता, "बक्षिसाचं काय घेऊन बसलात, उस्ताद, रंग बघून लोक वेडे झाले." मग त्याने विचारलं, "पण हा मरून काढलात कसा?"

सासरे खुलले. खाली रुपेरी, त्यावर पारदर्शक लाल. लाल एकदम मारायचा नाही. गुलाबी दिसला तरी घाबरायचं नाही, शेवटच्या थराला तो खोल जातो. आधी चमच्यावर बघायचं. "पुष्कळ चमचे वाया घालवले मी," ते म्हणाले.

ती चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने कप ठेवले. मग आत जाऊन लाल रंगाची बाटली, सगळ्यांत बारीक ब्रश आणि नव्या गाडीचा एक सुटा दरवाजा आणला आणि तिन्ही वस्तू सासऱ्यांसमोर मांडल्या.

"बाबा, दाखवा ना करून. एवढे लांबून आलेत."

"अगं, चहा तरी घेऊ दे त्यांना," नवरा चटकन म्हणाला.

"मूठ तर रंगवायची. चहा गार व्हायच्या आत होईल."

"वा वा, हे झकास," चिटणीस खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "उस्तादांचा हात बघायला मिळणार!"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही. त्यांनी ब्रश उचलला, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि ब्रश बाटलीत घातला.

ब्रशचा दांडा बाटलीच्या तोंडावर वाजायला लागला. काचेवर लाकूड, बारीक, भरभर, न थांबता. चिटणिसाला आधी वाटलं ते रंग ढवळताहेत. तो हसून बघत होता. आवाज थांबला नाही तेव्हा त्याचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. दंतवैद्य कपात बघत होते. ब्रश बाहेर आला, एक थेंब बशीत पडला, एक सासऱ्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर. दरवाजाला टोक टेकलं आणि मुठीवरून पार कडेपर्यंत लाल ओरखडा गेला.

"बाबा, ठेवा ते," नवरा म्हणाला.

"हा रंग माझा नाही," सासरे म्हणाले. ते कुणाला सांगत होते ते कळत नव्हतं. "हिचा आहे. सगळं हिनेच केलंय. आरसा मी बसवला."

तिला ऐकायचं होतं ते वाक्य हेच होतं. पण ते बोललं गेलं तेव्हा तिच्याकडे कुणी बघितलं नाही. सगळे त्या हाताकडे बघत होते, तीसुद्धा.

तिने ब्रश घ्यायला हात पुढे केला. सासऱ्यांना तो सोडता येईना. सुई काढल्यावरही मूठ आवळून बसणारे लोक असतात, त्यांची जशी ती उघडायची तशी तिने त्यांची बोटं एकेक करून उघडली. अंगठा शेवटी.

हा रंग केसांवर वाळला की ब्रश कायमचा जातो. ती ब्रश घेऊन मोरीपाशी गेली आणि वाटीत थिनर ओतून धुवायला लागली. बाहेर नवरा पाहुण्यांना विचारत होता, आणखी अर्धा कप घेणार का. थिनर लाल झालं, ते टाकून तिने दुसरं घेतलं; ते गुलाबी झालं, मग तिसरं स्वच्छ राहिलं. ब्रश स्वच्छ निघाला होता. तरी ती तो धूत राहिली, कारण पाहुणे अजून गेले नव्हते.