दोन पाळ्यांची गोधडी

मित्रांनो, बोईसरच्या त्या खोलीत एक खाट होती, एक स्टोव्ह, दोन पत्र्याच्या पेट्या, दोन माणसे आणि एक मी. मी एक जुनी गोधडी आहे. माझ्या पोटात गोजराबाईंची दोन लुगडी आणि त्यांच्या मालकांचे एक धोतर आहे. वर सात ठिगळे आहेत आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा पांढरा दोरा. दोरा तेवढा नवा होता. बाकीचे सारे मऊ, धुऊन धुऊन आटलेले.

मला शिवले साताऱ्याकडच्या एका खेड्यात. गोजराबाईंचा मुलगा पंढरी तारापूरला कामाला निघाला होता. तिथे अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते आणि सळया वाकवणारी माणसे हवी होती. गोजराबाईंनी त्याला अंगणात सरळ आडवे केले.

"हलू नगंस."

"आये, माझं माप घ्यायला मी काय शिंप्याकडं आलोय?"

"गप. पाय उघडं पडलं की लगीच शिंका सुरू हुत्यात तुला."

डोक्यापासून टाचेपर्यंत मापून त्यांनी वर चार बोटे जास्त धरली. पंढरीची बायको उषा आणि लहानगी सुलू शेजारी बसून हसत होत्या.

बोईसरच्या खोलीत पंढरीबरोबर सोलापूरचा भगवंत राहत असे. भगवंत दिवसपाळीला, पंढरी रातपाळीला. एक उठून पाळीची गाडी पकडे, तेव्हा दुसरा येऊन खाटेवर पडे. मी कधी गार झालेच नाही. मला त्याचा अभिमान वाटे. घरमालकीण माई मात्र दारातून ओरडत, "दोन बाप्ये नि एक गोधडी! तिला जरा ऊन तरी दावा रं!" पण ऊन असे तेव्हा माझ्याखाली पंढरी झोपलेला असे.

पावसाळ्यात पंढरीची झोप मोडू लागली. शौचाच्या जागी त्याला भयंकर खाज सुटे. रात्री कामावर काही नाही. दुपारी डोळा लागला की तासाभरात तो तळमळत उठे. एकदा उठल्यावर त्याला अंथरुणावर दोऱ्यासारखा एक पांढरा, बोटाच्या पेराहून लहान तुकडा दिसला.

"गोधडी उसवली वाटतं," तो म्हणाला आणि त्याने तो झटकून टाकला. मग माझा एकेक टाका तपासला. कुठेही सुटलेला नव्हता. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते, की तो दोरा माझा नव्हे.

तो एकटाच दवाखान्यात जाऊन मलम घेऊन आला. ते लावून गुण आला नाही, तसा त्याच्या मनात भलतेच बसले. बांधकामावर काही माणसांच्या वाईट रोगांच्या गोष्टी चालत. पंढरी कुठेही वाकड्या वाटेने गेला नव्हता, तरी तो भ्याला. उषाला लागले तर? सुलूला लागले तर? दिवाळीला त्याला रजा मिळाली होती. त्याने घरी कळवले की मिळाली नाही, आणि चार दिवस या खाटेवरच भिंतीकडे तोंड करून काढले.

मार्गशीर्षात तार आली. पंढरी मला इथेच टाकून धावत स्टेशनवर गेला. परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर केस नव्हते. गोजराबाई गेल्या; दिवाळीभर त्या एस्टीच्या थांब्यावर जाऊन बसत होत्या, एवढेच त्याने भगवंतला सांगितले.

रविवारी दोघेही खोलीत होते. भगवंतने विचारले, "दिवाळीला का गेला न्हाईस रे? रजा तर हुती."

पंढरी माझी किनार बोटांनी चुरत बसला. "मला कसला तरी रोग झालाय. झोपलं की खाजतंय. कुठं ते सांगायची लाज वाटती. सुलूला लागंल म्हणून गेलो न्हाई."

भगवंतने स्टोव्ह बारीक केला. "मलाबी तेच हाय. गणपतीपासनं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू बोललास?"

ते दोघे मिळून त्याच दवाखान्यात कृष्णकांत डॉक्टरांकडे गेले. परत आल्यावर भगवंत माईंना सगळे सांगत होता, ते मी ऐकले. "डॉक्टरांनी याला पयल्यांदा इचारलं, रात्री खाज येते का? तर हा म्हनला, न्हाई साहेब, रात्री कायबी न्हाई! मग ते घामाचं मलम देणार न्हाईत तर काय? आज इचारलं, झोपता केव्हा? हा म्हनतो, दुपारी. तवा डॉक्टरांनी पेन खालीच ठेवलं."

"मग हाय तरी काय?" माईंनी विचारले.

"जंत. बारीक, दोऱ्यावानी."

"जंत? अरे, ते पोरांना व्हतात, गूळ खाऊन! तुमी काय पाळण्यात हाय?"

"मोठ्यांनाबी हुत्यात, माई. गुळाचा संबंध न्हाई." भगवंतचे हसू मग थांबले. "यानं डॉक्टरांना इचारलं, दिवाळीला घरी गेलो असतो तर चाललं असतं का? डॉक्टर म्हनले, का नाही? औषध घेऊन, नखं कापून, हात धुऊन खुशाल जायचं."

पंढरी नखे कापायला बसला.

जंताची मादी माणूस झोपल्यावर बाहेर येऊन अंडी घालते, मग ती झोप रात्रीची असो वा दुपारची. खाजवले की अंडी नखांत जातात, नखांतून तोंडात. आणि कपड्यांवर, अंथरुणावर तशीच टिकून राहतात. ती माझ्यावर होती. मी दोघांना ऊब देत होते आणि एकाचा आजार दुसऱ्याला देत होते.

दोघांनी एकाच दिवशी औषध सुरू केले, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन आठवड्यांनी पुन्हा घेतले. दोन्ही वेळा मला माईंच्या हंड्यात उकळले. "भाताचा हंडा नाय देणार हां!" म्हणत त्यांनी गुरांचा जुना हंडा दिला. पाणी आधी तांबडे झाले, मग करडे. गोजराबाईंच्या लुगड्यांना चुलीच्या धुराचा जो वास होता, तो त्या पाण्याबरोबर गेला. मग मला कुंपणावर कडक उन्हात टाकले.

मित्रांनो, नखे कापा, हात धुवा, अंथरुणाला ऊन दाखवा. घरात एकाला जंत झाले तर सगळ्यांनी एकदमच औषध घ्या. आणि अंगाला काही झाले तर ते लाजेपायी लपवून आपल्या माणसांपासून दूर राहू नका.

दोघांची खाज गेली. पंढरी पुन्हा दुपारभर झोपू लागला. लुगडी आधीच आटलेली होती. उकळल्यावर माझा दोरा आटला आणि त्याने सगळ्यांना ओढून घेतले. एका दुपारी झोपेत शिंकून पंढरी उठला, आपल्या पायांकडे त्याने पाहिले आणि कामाची टेप काढून मला मोजले.

पाच फूट पाच इंच. पंढरीची उंची पाच फूट सहा.