हिराच्या नावाचा लाल टॅग

रेणूने तिसरी केबल लावून पाहिली, तरी गाणी वाजवणाऱ्या डब्याला हार्ड डिस्क दिसेना. डिस्क लॅपटॉपला जोडली, तर तो बेशरम विचारतो, फॉर्मॅट करू का? कानाशी धरली, तर आत नुसतं टक, टक.

"कावून वाजून नाही राहिलं?" तिच्या बाबांनी, जानरावांनी दारातूनच विचारलं.

दुसऱ्या दिवशी कोजागिरी होती. भुलाबाईची गाणी म्हणायला रिसाली वस्तीतल्या पोरी अंगणात जमणार होत्या, आणि गाणी सांगणारी रेणूची आई हिराबाई माघातच वारली होती. आईची सगळी गाणी रेणूने मोबाइलवर उतरवून मग या डिस्कवर हलवली होती. बाबांनी बटण दाबावं आणि घरात आईचा आवाज यावा, म्हणून हा डबा बसवला. दुसरी कॉपी मात्र शहाणीने उद्या करू, उद्या करू म्हणत राहूच दिली.

"बाबा, डबा बंद कसा करता?"

"मेन स्विचनं! पस्तीस वर्सं प्लांटात इलेक्ट्रिशियन होतो मी. चालू मशीन सोडून कोणी झोपते का?" जानरावांची छाती फुगली. खुंटीवर प्लांटातला लाल टॅग टांगलेला होता, तो त्यांनी पुन्हा एकदा दाखवला. "मशीनवर कोणी काम करत असन, त याच्यावर त्याचं नाव लिहून स्विचले बांधाचं. मंग स्विचले कोणी हात नाही लावाचा. अन् ज्याचं नाव, त्यानंच टॅग काढाचा. साहेबालेही मनाई."

आता रेणूच्या लक्षात आलं. फिरत्या डिस्कची वीज अशी तोडायची नसते. आधी डबा बटणाने बंद करायचा, मग स्विच. हे सांगायचं तिच्याकडूनच राहिलं होतं.

"डिस्क जुनी झाली असन," ती खोटं बोलली.

दुपारी दोघं स्कूटीवरून दुर्गच्या दुकानात गेली. दुकानदाराने डिस्क तपासली आणि हात टेकले. आत ओरखडे पडले होते, काहीच निघणार नव्हतं.

"अंकलजी, घर में लाइट बार-बार जाती थी क्या?"

रेणू घाईघाईने हो म्हणणार, तोच जानराव बोलले, "नहीं. मैं ही बंद करता था. रोज."

 घरी आल्यावर जानराव जेवायलाही उठले नाहीत. रेणूला रडू आवरेना. आई दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी कोणाला दोष द्यावा तेही कळत नव्हतं.

सकाळी ती बैठकीत आली, तर डब्याचा हिरवा दिवा लागलेला होता. मेन स्विचला लाल टॅग बांधला होता. त्यावरचं जानरावांचं नाव खोडून खाली लिहिलं होतं, हिरा.

"बाबा, आता त्याच्यात काही नाही," ती हळूच म्हणाली.

"मले मालूम आहे," जानराव म्हणाले. "पण आता बंद नाही कराचं. तिचं नाव आहे. हिरा यून काढन, तवाच निघन."