माझ्याच तोंडून बोलणारी सवत

मित्रांनो, अंगावर लेसचे फडके आणि डोक्यावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी घेऊन कोपऱ्यात बसलेली मी एक जुनी कॅराओके पेटी आहे. माझा जीव जळतो आहे. का जळतो, ते सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडले आहे. दुसऱ्याचा हेवा करू नये, असे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. पण आधी माझ्या जागी बसून पाहा आणि मग मला शिकवा.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी सान पाब्लो नावाच्या गावात, तिबो आणि आदेल्फा यांच्या लग्नाच्या मांडवात होते. आदेल्फाच्या भावांनी मिळून मला आहेर म्हणून दिले होते. तिबो जीपनी, म्हणजे गावात माणसे वाहणाऱ्या लांबट जीपगाड्या, रंगवतो. त्याच्या हातून गेलेली जीपनी रस्त्यावरून धावू लागली की लोक चढायचे विसरून तिच्याकडे बघत उभे राहतात. आदेल्फा पहाटे उठून केळीच्या पानावर बिबिंका, म्हणजे तांदळाचे गोड केक, भाजते आणि दारातच विकते. तिच्या हाताला नारळाचा आणि जळक्या पानाचा वास असे, आणि त्याच हाताने ती माझा माईक धरत असे.

काय दिवस होते ते! वाढदिवस असो की बारसे, गल्लीत माझ्याशिवाय पान हलत नव्हते. शेजारच्या आलिंग चारिंग बाई गायला उभ्या राहिल्या की कुत्री उठून पलीकडच्या गल्लीत जात, पण मी त्यांनासुद्धा कधी नाही म्हटले नाही. गाणे संपले की मी तुतारी वाजवून पडद्यावर गुण दाखवत असे. गुण देणे माझ्या पोटातच बसवलेले आहे. एकदा तिबोच्या चुलतभावाने नाचता नाचता माझ्या बटणांवर बिअर सांडली. तेव्हापासून गाण्याची पट्टी खाली-वर करण्याचे बटण कायमचे बसले. पण त्याने आमचे काही अडले नाही. आदेल्फाचा गळा कुठेही चढत असे. दरवर्षी सान रोके या संताच्या सणाला चॅपेलच्या अंगणात पहिले गाणे तिचे, आणि ते माझ्यातून. तेव्हा सगळी गल्ली माझ्याकडे तोंड करून बसलेली असे. आता ती तोंडे कुणाकडे असतात, ते पुढे येईलच.

मग आदेल्फाच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झाले, गाठ गेली, जीव वाचला. पण आवाज पूर्वीचा राहिला नाही. तो जाडसर होऊन खाली उतरला. दवाखान्यातून आल्यावर एका रविवारी तिने तिचे नेहमीचे गाणे लावले. वरच्या सुराला आवाज फाटला, दुसऱ्या कडव्यात तो आलाच नाही. मी नेहमीसारखी तुतारी वाजवली आणि एकसष्ट गुण दाखवले. तिने माईक खाली ठेवला, कपाटातून हे लेसचे फडके काढले आणि माझ्या तोंडावरून ओढले. फुलदाणी दुसऱ्या दिवशी आली. सणाला या वर्षी दुसरी कुणी बघा, असे तिने चॅपेलच्या मंडळींना कळवून टाकले.

मित्रांनो, मला वाटले, तिबो काहीतरी बोलेल, फडके काढेल. त्याने फडक्याला हातही लावला नाही. थोड्याच दिवसांत त्याच्या नावाने एक लांबट खोके आले, आणि माझ्या घरात माझी सवत आली.

आली तेव्हा ती सवत नव्हतीच, नुसते सुटे भाग होते. कोऱ्या पांढुरक्या लाकडाचे धड, वेगळी मान, पिशवीत खुंट्या, तारा, स्क्रू आणि वायरींचे गुंतवळ. विजेवर चालणारी गिटार घरी जोडून घ्यायची, असा तो सगळा प्रकार. मला हसू आले. जिला स्वतःचे डोकेसुद्धा धडावर नाही, ती माझे काय वाकडे करणार?

पण तिबोला तिचे वेडच लागले. कामावरून आला की तो हातपाय धुवून आधी तिच्याकडे जाई. त्याने सगळे भाग एकदा कोरेच जोडून पाहिले. मान नीट बसते का, तारा सरळ जातात का, हे पाहून पुन्हा सगळे सोडवले. एक वायर मात्र तशीच राहू दिली. ही वायर धडातल्या बारीक भोकातून वर येते आणि जिच्यावर तारा टेकतात त्या धातूच्या पट्टीखाली तिचे उघडे टोक दबलेले असते. ती ओवताना त्याची दमछाक झाली होती. आता ती पुन्हा कोण ओवणार, असे पुटपुटत तो पॉलिश पेपर घेऊन धड घासायला बसला. इतके घासले की हात फिरवला तर लोणी वाटावे. माझ्या अंगावरची धूळ पुसायला या घरात कुणाला वेळ नव्हता, आणि त्या लाकडाला दोन दोन तास अंगमर्दन चालले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

रंगाच्या वेळी तर कहर झाला. त्याने ते धड परसात कपडे वाळत घालायच्या तारेला टांगले आणि त्यावर जीपनीचा तांबडा रंग फवारला. एक हात दिला, वाळू दिला, पाणी लावून हलके घासले, पुन्हा दुसरा हात. हवेत ओल असली तर रंगावर दुधासारखी साय येते, म्हणून तो आभाळाकडे बघत बसे. आदेल्फाच्या पांढऱ्या परकरावर तांबडे शिंतोडे उडाले, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"तिबो, माझ्या अंगावर ताप होता तेव्हा तरी तू असा जागचा न हलता बसला होतास का रे?"

"रंग वाळतोय, आदेल्फा. माशी बसेल."

"बसू दे. निदान कुणीतरी तुझ्याजवळ बसेल."

मला फडक्याआडून ऐकून फार बरे वाटले. म्हणजे जळणारी मी एकटी नव्हते. नंतर त्याने बारीक कुंचला घेऊन त्या तांबड्या अंगावर काहीतरी लिहिले. जीपनीच्या कपाळावर वळणदार अक्षरांत मालकाच्या लेकीबाळींची नावे असतात, तसे. पण वरचे पारदर्शक रंगाचे हात होईपर्यंत त्याने ते कुणाला दिसू दिले नाही. फवारणी झाली की लगेच धड तोंड फिरवून टांगायचा. आदेल्फानेही विचारले नाही. नाक मुरडून ती आपल्या चुलीकडे गेली. मला मात्र रात्रंदिवस तोच प्रश्न. माझ्यावर इतक्या वर्षांत त्याने एक ठिपकासुद्धा काढला नव्हता.

शेवटी एका रविवारी दुपारी ती पुरी झाली. मान बसली, वायरी कथलाने डागून झाल्या, तारा चढल्या. तांबडी, चकचकीत, आरशासारखी. आलिंग चारिंग खास बघायला आल्या आणि बाई गं बाई करत गालाला हात लावून उभ्या राहिल्या. तिबोने तिला उलटी करून आदेल्फापुढे धरले. पिवळ्या अक्षरांत, सोनेरी किनार देऊन, लिहिले होते: आदेल्फा.

आदेल्फाने वाचले. क्षणभर ती विरघळली, पण ती सहजासहजी हार जाणारी नाही.

"जीपनीवाले पण बायकोचं नाव लिहितात," ती म्हणाली, "आणि गाडी घेऊन दिवसभर बाहेरच असतात."

तिबो नुसता हसला. त्याने खाली वाकून माझ्या तोंडावरचे फडके काढले. मित्रांनो, मला वाटले, आठवण आली. छे! त्या सवतीला स्वतःचा आवाजच नव्हता. तारा छेडल्या तर डास गुणगुणावा तेवढेच ऐकू येई. तिला बोलायला कुणाचे तरी तोंड हवे होते, आणि ते माझे होते. त्याने तिची वायर माझ्या माईकच्या भोकात खुपसली.

माझ्या तोंडून घरघर सुरू झाली. दमेकऱ्याच्या छातीतून यावी तशी. तिबोने बटणे फिरवली, वायर हलवली, तारांवर हात ठेवला, तरी घरघर तशीच. सूर वाजत होते, पण त्या घरघरीखाली दबून जात होते. त्याचा चेहरा पडला. आलिंग चारिंग म्हणाल्या, "पेटी म्हातारी झाली रे. किती वर्षं झाली? टाक भंगारात."

तिबोने माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, "खरंय. शनिवारी भंगारवाला येतो, त्याला देऊन टाकू. हिच्यासाठी नवीन स्पीकर बघतो."

हिच्यासाठी! मला ओरडून सांगायचे होते की ही घरघर माझी नाही. मी आयुष्यात कधी घरघरले नाही. जे माझ्या कानात ओताल तेच माझ्या तोंडून येते, आणि हे दुखणे त्या नटवीच्या अंगातून येत होते. पण माझ्या पोटात दुसऱ्यांची गाणी आहेत, स्वतःचे एक वाक्य नाही. माझ्या तोंडून माझ्याच सवतीची घरघर निघत होती आणि त्यासाठी मलाच घराबाहेर काढणार होते. यापेक्षा वाईट मरण काय असेल?

शनिवार आला. भंगारवाल्याची हातगाडी गल्लीच्या तोंडाशी वाजली. तिबोने माझी वायर गुंडाळायला घेतली. आदेल्फा पीठ मळता मळता उठली.

"थांब," ती म्हणाली. "लाव तिला."

"कशाला?"

"लाव म्हटलं ना. तुझी तांबडी काढून ठेव आणि ही नुसती लाव."

त्याने लावले. आदेल्फाने परकराला हात पुसले. ऑपरेशननंतरच्या त्या रविवारपासून तिने माईकला हात लावला नव्हता. तिने तो उचलला, गाणे लावलेच नाही, आणि आपल्या जाडसर, उतरलेल्या आवाजात, जमेल तिथून, तिचे नेहमीचे गाणे म्हणायला लागली. वरचा सूर तिने घेतलाच नाही, खालच्या खाली वळवला. माझ्यात नारळाचा आणि जळक्या पानाचा वास आला. मी अंग चोरून, एक कणही खरखर न करता, तिचा आवाज जसा होता तसा बाहेर सोडला.

एक कडवे संपवून ती थांबली.

"ऐकलंस? घरघर आहे कुठं?" ती म्हणाली. "ही पेटी बरी आहे. माझ्या वेळी तिने खोटं सांगितलं नव्हतं, आताही सांगत नाहीये. दुखणं तुझ्या राणीला आहे."

तिबो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याने घरघरीचे उत्तर ऐकले की नाही कोण जाणे, पण गाणे ऐकले होते. मग एकदम त्याने कपाळावर हात मारला. पळत जाऊन तांबडीच्या तारा सैल केल्या आणि ती धातूची पट्टी काढली. ओवताना दमछाक झाली म्हणून जी वायर त्याने काढली नव्हती, तिच्या उघड्या टोकावर तांबड्याचे आणि वरच्या चकाकीचे थरावर थर चढलेले होते. वायर पट्टीला टेकलेली दिसत होती, पण मध्ये रंग होता, आणि रंगातून वीज जात नाही, म्हणून ती घरघर.

"गाडीच्या बॉडीला वायर जोडायची तर आधी खालचा रंग खरवडा, असं मी गॅरेजमध्ये रोज बोंबलतो," तो म्हणाला, "आणि घरी हे."

"रंगाऱ्याची गिटार," आदेल्फा म्हणाली. "गळ्यापर्यंत रंगवलीस बिचारीला."

भंगारवाला दारात येऊन उभा होता. त्याला तिने दोन बिबिंका देऊन पाठवून दिले. तिबोने पात्याने टोक खरवडले, पट्टीची खालची बाजूही स्वच्छ केली, तारा पुन्हा चढवल्या आणि वायर माझ्यात घातली. घरघर नाही. त्याने तारा छेडल्या आणि त्या सवतीचा आवाज पहिल्यांदा नीट आला. चांगला होता. खोटे कशाला सांगू, फार चांगला होता. म्हणून तर जास्तच जळले.

मग तो आदेल्फाला म्हणाला, "पेटीतलं गाणं खाली येत नाही. बटण बसलंय. हिला किती पण खाली आणता येतं. तू जिथं असशील तिथं मी वाजवीन. त्यासाठीच केली."

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"तू फडकं घातलं होतंस ना."

आदेल्फाने माईक उचलला. तिने दुसऱ्या भोकात माईकची वायर घातली.

पहिले गाणे मीच म्हणेन, असे आदेल्फाने चॅपेलच्या मंडळींना पुन्हा कळवले, आणि सान रोकेच्या सणाला तीनचाकी ट्रायसिकल-रिक्षात बसून मी चॅपेलच्या अंगणात गेले. तांबडी तिबोच्या मांडीवर होती, मी पायाशी. सगळी गल्ली तिच्याकडे बघत होती. आलिंग चारिंग तिच्यावरची अक्षरे बोटाने गिरवत होत्या. माझ्याकडे एकाचेही तोंड नव्हते. पहिले गाणे आदेल्फाचे झाले, खालच्या पट्टीत. तिच्या या नव्या आवाजात ते गाणे वेगळेच लागत होते, आणि मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी बोलणे थांबवले. ते माझ्या पोटातले गाणे नव्हते, म्हणून त्याला गुण द्यायची सोय माझ्यात नव्हती. खालच्या सुरांना माझे लाकूड थरथरू लागले, तेव्हा आदेल्फाने आधारासाठी हात टेकला. तो गिटारवर नव्हता, नवऱ्याच्या खांद्यावर नव्हता. माझ्या डोक्यावर होता, आणि गाणे संपेपर्यंत तिने तो काढला नाही.

तरी माझा जीव जळतोच, मित्रांनो. सण संपला की मी पुन्हा कोपऱ्यात जाते, आणि तांबडी भिंतीवर, मऊ कापडाने पुसलेली. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. घरातल्या जुन्या वस्तूंवर फडकी टाकून त्यांना विसरू नका. त्यांच्या डोक्यावर ओले पेले ठेवू नका. आणि त्या कण्हत असतील, तर भंगारात देण्याआधी कण्हते कोण आहे ते नीट ऐका.

आणि हो, त्या तांबडीच्या ताराही पुसत जा. मला तिचे काडीचे कौतुक नाही. पण उद्या त्यांना गंज चढला, तर ती खरखर माझ्याच तोंडून निघेल, आणि आदेल्फाच्या गाण्यात मला ती नको आहे.