मोराचं ताट

कुवेतहून सुट्टीवर आलेल्या मामांनी विमलला हमस नावाचा अरबी पदार्थ शिकवला होता. आज तिला बघायला काटोलचे पाहुणे येणार, म्हणून सकाळपासून तिचा पाटा-वरवंटा चालला होता. उकडलेले काबुली चणे, तीळ, लसूण, लिंबू. एका कणीची बिशाद नव्हती त्यात राहायची! मग पितळी ताटात तिनं त्याचा मोर काढला, खाऱ्या बिस्किटांचा पिसारा लावला आणि प्रत्येक पिसावर डाळिंबाच्या दाण्याचा डोळा बसवला.

"पाहुण्यायची नजर हटली नाई पायजे," माय म्हणाली होती.

पाहुणे आले. विमल हात धुऊन पदर सारखा करते, तोच मायनं ताट उचलून धाकट्या छायाच्या हातात दिलं. छाया नवी साडी नेसून तयारच होती. बैठकीतून मायचा आवाज आला, "हे समदं आमच्या छायानंच केलं बरं!"

माय बशा न्यायला आत आली. विमल पाट्यापाशीच बसली होती.

"मलेच पाहाले आले होते ना वं, माय?"

"नाई. त्याइनं छायालेच मागितलं होतं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

बशा पुसता पुसता माय म्हणाली, "सांगतलं असतं, तं ताट असं सजलं असतं काय?"