हद्दीखालची सुपारी

त्या सकाळी ओबरहाइडबाखच्या शेतांवर धुकं असं काही उतरलं होतं की कुणाचं शेत कुठे संपतं हे देवालाही सांगता आलं नसतं. आणि नेमकं तेच काम चंद्रशेखरच्या गळ्यात पडलं होतं.

बव्हेरियाच्या या भागात गावोगावी सात जण नेमलेले असतात. मोजणी सरकारी माणूस करतो, पण हद्दीचा दगड हे सात जण पुरतात आणि त्याखाली काही गुप्त खुणा ठेवतात. उद्या कुणी दगड सरकवला, तरी खुणा खरं सांगतात. त्या कसल्या, हे जिल्ह्याच्या प्रमुखालाही कळत नाही. मग आम्हाला कुठून कळणार? सातांतला एक गेला की उरलेले सहा नवा निवडतात, तो मरेपर्यंतचा.

चंद्रशेखर पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. बावीस वर्षं तो याच गावात राहत होता, नऊ वर्षांपूर्वी त्याने जर्मन पासपोर्टही घेतला. दर रविवारी जुना नकाशा घेऊन त्याने गावाची शीव पायाखाली घातली होती. तरी गावासाठी तो ‘आमचा इंडियन’च. प्रेमाने म्हणत, पण म्हणत. म्हणून सातांचा म्होरक्या, म्हातारा लिंडनर, दारात येऊन “तुला घेतोय” म्हणाला, तेव्हा गडी दोन दिवस हवेत होता. काल राटहाउसमध्ये, म्हणजे गावाच्या कचेरीत, शपथ झाली. आज पहिला दगड.

निघताना त्याच्या बायकोने, शुभाने, खिशात पुडी कोंबली. “अहो, जमिनीत दगड बसवताय. सुपारी, हळदकुंकू नको का? नऊची वेळ ठरलीय ना, निघा आता.”

बांधावर दोन्ही शेतकरी आणि मोजणीवाला रिवाजाप्रमाणे लांब जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. लिंडनरने खड्ड्यात खुणा मांडल्या. चंद्रशेखर गुडघे टेकून बघत राहिला. धुक्यात सगळे आवाज विरून गेले होते. ज्या जमिनीवर इतकी वर्षं पाहुण्यासारखा वावरलो, ती आज आतून दिसतेय, काळीभोर, ओल्या वासाची, असं त्याला वाटलं आणि तो कुठे आहे हेच विसरला. बाकीचे सहा जण दगड उचलायला वळले, तेवढ्यात त्याचा हात आपसूक खिशात गेला. सुपारी खड्ड्यात पडली, वर चिमूटभर हळदकुंकू. त्याने हात जोडले. मग दगड बसला, माती दाबली गेली.

तेव्हा कुठे तो भानावर आला. चाळीस वर्षांनी कुणी हा दगड उकरला आणि खाली भलतीच वस्तू निघाली, तर साक्षच खोटी ठरणार. कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसलं तर निभावून जाईल. बोललं तर एका दिवसात पुन्हा ‘इंडियन’, आणि यावेळी प्रेमाने नाही. हे सगळं कळत असूनही त्याने सांगून टाकलं.

दगड पुन्हा वर काढला. लिंडनरने सुपारी तळहातावर घेतली आणि ही कशासाठी, असं विचारलं. आमच्याकडे जमिनीची परवानगी घेतात, चंद्रशेखर म्हणाला. म्हाताऱ्याने मान हलवली, सुपारी परत दिली, हळदीने माखलेली माती खरवडून काढली, खुणाही उचलून बाजूला ठेवल्या. मग त्याने पाठ फिरवली. एकेक करून बाकीच्या पाचांनीही फिरवली.

संपलं, चंद्रशेखरला वाटलं. बावीस वर्षं पाण्यात गेली. त्याने गुडघ्यांची माती झटकली आणि गाडीकडे वळला.

“कुठे निघालास?” लिंडनरने मागे न बघताच विचारलं. “चल, खुणा लाव. कशा होत्या ते पाहिलंस ना?”

“मी एकट्याने? तुम्ही बघणार नाही?”

“सातांपैकी एकाच्या हाताकडे काय बघत बसायचं?”

चंद्रशेखरला रडू फुटलं. त्याने ते आवरलं नाही. ओल्या मातीत बसून त्याने एकेक खूण जागच्या जागी ठेवली, दोनदा तपासली.

“झालं,” तो म्हणाला. “या, आपला दगड बसवू.”